बारच्या मागची बोटं

पहाटे पावणेसहाच्या लोकलला रविवारी डोंबिवलीहून बसायला मिळतं. गिटारची पेटी दोन गुडघ्यांत उभी धरून मी खिडकीशी बसले होते. समोरच्या बाईंनी दिवा येईपर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, "मुलाची का हो?"

"माझीच."

"वाजवता?"

"हो, पण अशी नाही," मी पोटाशी गिटार धरल्यासारखं करून दाखवलं. "आडवी मांडीवर ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा जाड दांडू घ्यायचा आणि तो तारांवरून फिरवायचा."

"म्हणजे पोळ्या लाटल्यासारखं."

चाळीस वर्षांत या वाद्याचं इतकं नेमकं वर्णन माझ्या कानावर आलं नव्हतं. स्टील गिटार म्हटलं की लोकांना वाटतं गिटारच स्टीलची असते. गिटार लाकडाची असू शकते, माझी आहेच. स्टील असतं ते हातातलं लाटणं. आम्ही त्याला बार म्हणतो, जुनी माणसं रॉड म्हणतात.

दादरच्या एका सभागृहात दोन दिवसांचा वाद्यमहोत्सव होता. शनिवार व्हायोलिनला आणि रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत स्टील गिटारला. मुंबईत या वाद्याला सबंध दिवस कुणी दिलेला मी तरी पाहिला नव्हता. एरवी कुठल्या तरी वाद्यवृंदात कोपऱ्यात खुर्ची मिळते, तीही कीबोर्डवाल्याच्या मागे. सकाळच्या सत्रात आमच्यासारख्या पाच हौशी वादकांना प्रत्येकी बारा मिनिटं होती. त्या बारा मिनिटांसाठी मी फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवलं होतं, फॉर्म भरला होता, आणि निवड झाल्याचा निरोप आल्यावर चार महिने ऑफिसमधून आल्यावर कुकर लावायच्या आधी तासभर बसत होते. संयोजकांकडून एका मुलीचा फोन आला होता, "काकू, तुमच्या बँडचं नाव काय लिहू?" मी म्हटलं, मी आणि तबला. त्यावर ती जरा थांबून म्हणाली, "चालेल."

हे वाद्य माझ्याकडे कसं आलं ते सांगते, कारण त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध आहे. सर परळच्या एका गिरणीत पगार खात्यात कारकून होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार, म्हणजे हेच वाद्य, वाजवायचे. १९८२ च्या संपानंतर नोकरी गेल्यातच जमा झाली, तेव्हा त्यांनी लालबागच्या दोन खोल्यांत शिकवणी सुरू केली. १९८६ मध्ये आईनं मला तिथं घातलं ते, खरं सांगायचं तर, सरांची फी शेजारच्या पेटीच्या क्लासपेक्षा पाच रुपयांनी कमी होती म्हणून. माझा बार सरांनीच करवून दिला. नागदेवी स्ट्रीटवरून स्टीलची सळी आणली, ओळखीच्या लेथवाल्याकडून बोटभर लांबीची कापून घेतली, एक टोक गोल करून आरशासारखी घासून घेतली. मधे लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण यांत वीसेक वर्षं तो बार शिवणयंत्राच्या खणात पडून होता. गंजला नाही. पुन्हा सुरू केलं तेव्हा दुकानातला चांगला विकतचा बार आणून पाहिला, पण तो हातात बसेना.

गिटारच्या मानेच्या टोकाशी खाचांची पट्टी असते, तिच्यातून तारा खुंट्यांकडे जातात. त्या पट्टीवर धातूची आणखी एक उंच पट्टी बसवली की तारा पडद्यांपासून चांगल्या वर उचलल्या जातात. मग तार दाबून पडद्याला टेकवायची नसतेच. पडदे उरतात फक्त रेघांसारखे, फूटपट्टीवरच्या खुणांसारखे. बार जिथं टेकेल तिथं स्वर. सूतभर चुकला की बेसूर. त्यातून आपण वरून, तिरपं बघतो. डोळ्याला बार बरोबर रेघेवर दिसतो तेव्हा तो खरं म्हणजे जरा सरकलेला असतो. त्यासाठी सर दिवा बंद करून रियाज करून घ्यायचे. "डोळे खोटं बोलतात पोरी, कानानं बघ."

पण सुरात ठेवणं हे अर्धंच काम. बार तारेवर ठेवला की तारेचे दोन तुकडे होतात. उजव्या हाताकडचा आपल्याला हवा असतो. खुंट्यांकडचा नको असतो, पण तोही थरथरतो आणि त्यातून भलताच स्वर निघतो, बारीक, मोरीत वाटीला वाटी लागावी तसा. तो निघू नये म्हणून अनामिका आणि करंगळी बारच्या मागून तारांवर नुसती टेकलेली ठेवायची. बार जाईल तिथं ती दोघं मागोमाग. माझी अनामिका उचलते. वर जाताना नाही, खाली येताना. नववीत असल्यापासून उचलते.

सव्वासातला सभागृहावर पोचले. रंगमंचावर विशीतला एक मुलगा गुडघ्यावर बसून वायरी जोडत होता. त्यानं माझ्या गिटारची पिन लावली आणि सगळ्या सभागृहात भुंगा सुटला.

"मॅडम, हमिंग येतंय."

"मला पण ऐकू येतंय."

"पिकअपचा प्रॉब्लेम आहे. दुसरा आहे का?"

पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलून स्पीकरकडे पाठवणारा तुकडा. रविवारी सकाळी साडेसातला दुसरा कुठून आणणार? धोबीतलावची दुकानंसुद्धा त्या वेळी झोपलेली असतात. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात वरचे दिवे कुणीतरी मंद केले आणि भुंगा आणखी चढला. तेव्हा उमगलं. साध्या, एकाच गुंडाळीच्या पिकअपला आजूबाजूची विजेची खरखर पकडायची खोड असते, आणि दिवे कमीजास्त करणारा डिमर हे त्याचं आवडतं खाद्य. सर यासाठी एक युक्ती करायचे. मी खुर्चीसकट स्वतःभोवती हळूहळू फिरायला लागले. मुलगा बघत राहिला. प्रेक्षकांकडे तोंड, भुंगा. डावीकडे वळले, जास्तच. उजव्या विंगेकडे वळत गेले आणि एका जागी तो असा मावळला की एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

"हे कसं काय?"

"पिकअप आहे तो, अँटेनासारखा. दिशा बदलली की कमी पकडतो."

त्यानं खुर्चीच्या चारी पायांशी पांढरी चिकटपट्टी लावली. तोडगा निघाला, पण आता मला विंगेतल्या चहाच्या थर्मासकडे तोंड करून वाजवायचं होतं, आणि गिटारची मान, म्हणजे माझा डावा हात, थेट प्रेक्षकांवर रोखलेला राहणार होता.

दुसरी भानगड सुरांची. आतल्या खोलीत, जिथं पंखा होता आणि घाम होता, तिथं मी सहा तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा मिळवल्या होत्या. आपल्या भाषेत सा प सा ग प सा, पांढरी दोनमध्ये. रंगमंचावर एसी गारठलेला. तार थंड झाली की आक्रसते आणि चढते. दहा मिनिटांत सगळ्या तारा चढलेल्या, त्याही सारख्या नाहीत. बारीक एकीनं, जाड दुसरीनं. तबल्याला ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. तो हातोडी घेऊन माझ्याकडे बघत होता. "काकू, तुमचं ठरलं की सांगा, मी तिथं येतो." मग मी गिटार पेटीबाहेर, रंगमंचाच्या कडेलाच ठेवून दिली. वाद्यानं त्या हवेत तासभर बसू दे, तोवर आपण चहा पिऊ.

नवाला सर आले, सूनबाईंचा हात धरून. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कानात नवं यंत्र, मुलानं घेऊन दिलेलं. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसले, काठी मांडीवर आडवी. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "काय वाजवतेस?"

"अहिर भैरव. थोडी आलापी आणि त्रितालातली गत."

"खाली येताना बघ."

बस, एवढंच.

माझ्या आधी दोघं होते. एक दंतवैद्य, त्यांनी दोन भावगीतं वाजवली, गोड आणि थोडी लांबलेली. मग बारावीतला एक मुलगा, मांडीवर वाजवायलाच बनवलेली खरी लॅप स्टील घेतलेला, तारांची सी सिक्स्थ नावाची मिळवणी, अस्सल हवाई बेटांवरच्या ढंगाची धून. तो पोरगा मला सकाळी सगळ्यात आवडला. त्याचा बार असा तरंगायचा की पाणी आठवावं.

आणि नेमकी तीच माझी अडचण. हवाईयन शिकलेल्या माणसाच्या डाव्या हाताला कंपाची सवय असते. स्वर धरला की हात आपोआप थरथरतो. अहिर भैरवात ते चालत नाही. तिथला कोमल रिषभ हलतो, पण सावकाश, आतून, आणि बाकीचे स्वर स्थिर हवेत. पहिली तीन मिनिटं मी फक्त हात हलू द्यायचा नाही एवढंच करत होते. षड्जावरून रिषभावर जाताना बार किती सरकतो, तर अंगठ्याच्या रुंदीएवढा. तेवढ्या जागेत सगळा भैरव.

पाचव्या मिनिटाला शिट्टी ऐकू आली. बारीक, अखंड, कुठून येते कळेना. साउंडवाल्या मुलानं माझा आवाज कमी केला, मग मॉनिटर, म्हणजे माझं मला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, कमी केला, शिट्टी तशीच. मी वाजवत राहिले, आता काय थांबणार? नंतर तबल्यावाल्यानं सांगितलं की ती सरांच्या कानातल्या यंत्राची होती. आजूबाजूचे वळून बघायला लागले तेव्हा सूनबाईंनी खूण केली, सरांनी यंत्र काढून खिशात टाकलं, आणि मग शांतता झाली. म्हणजे माझी गत सुरू झाली तेव्हा सरांना ऐकू येत नव्हतं.

हे मला कळलं तेव्हा खोटं का बोलू, हायसं वाटलं. कारण गतीत ते झालंच. घरी मी ॲम्प्लिफायर जेमतेम लावते, शेजारी आहेत. इथं मॉनिटर पायाशी होता आणि त्यानं मला माझं सगळं दाखवलं. कोमल निषादावरून धैवत, पंचम असं खाली येत होते. पंचमावर बार असतो तेव्हा मागच्या तुकड्यातून निघतो तो वरचा पंचमच, चोरी पचून जाते. पण धैवतावर बार आला की मागून निघतो तो कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधला, कुणाच्याच घरचा नसलेला एक स्वर. प्रत्येक वेळी निषादावरून धैवतावर उतरले की टिंग. पुढच्या आवर्तनात, पुन्हा टिंग. मला अनामिकेची आठवण व्हायची ती टिंग झाल्यावर. शेवटच्या तिहाईला मी ते बोट इतकं दाबलं की बारच अडला, आणि सम अर्धी मात्रा उशिरा गाठली. पोरगा हुशार, त्यानं तबला माझ्यासाठी थांबवला. टाळ्या चांगल्या पडल्या. टाळ्या पडतातच, सकाळच्या सत्राला सगळे नातेवाईकच असतात.

मग दिवसभर मी एकच गोष्ट पाहिली, इतरांच्या बारमागची बोटं.

साडेदहाचं सप्रयोग व्याख्यान बरं होतं, थोडं घाईचं. १८७४ साली जन्मलेला जोसेफ केकुकू, ओआहू बेटावरचा शाळकरी मुलगा, रेल्वेच्या रुळावर सापडलेला बोल्ट तारांवर घासतो ही गोष्ट वक्त्यांनी सांगितली. बोल्ट की कंगवा की सुरी यावर हवाईतही एकमत नाही म्हणे. १९०४ मध्ये तो बेटं सोडून अमेरिकेत गेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर या आवाजाचं साऱ्या अमेरिकेला वेड लागलं. पुढं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली, जिला 'फ्राइंग पॅन' असं नाव पडलं. व्यवहारात चाललेली ती पहिली इलेक्ट्रिक गिटार, आणि ती मांडीवरची होती, उभी धरायची नव्हे. पडद्यावर तिचा फोटो आला. गोल अंग, लांब दांडा. मला लोकलमधल्या बाई आठवल्या. लाटणं होतंच, आता तवाही झाला.

आपल्याकडे ती आली मुख्यतः कोलकात्याच्या वाटेनं. टाऊ मो नावाचा हवाईयन वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब तिथं राहिला होता. मग जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, ज्यांनी या गिटारवर आलाप-जोड-झाला मांडला. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका वक्त्यांनी थोडी ऐकवली. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काबरांची गिटार, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, आणि त्याची पहाट उजाडते ती अहिर भैरवात. मी खुर्चीत जरा खाली सरकले. तासाभरापूर्वी त्याच रंगमंचावर मी काय केलं होतं ते आठवून.

पुढं विश्वमोहन भट्ट, मोहनवीणा नावाची त्यांची गिटार, अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या मुद्रिकेला १९९४ मध्ये मिळालेलं ग्रॅमी. देबाशिष भट्टाचार्यांची चोवीस तारांची गिटार, चतुरंगी. इतक्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "आणि हजारा सिंग कुठं गेला?" यंत्र आता कानात होतं, पण सरांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही. सभागृह हसलं. वक्ते म्हणाले, "आजोबा, ते दुपारी." सर पुटपुटले, तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "मुंबई नेहमी दुपारीच."

सरांचा राग खोटा नाही. शास्त्रीय अंगानं या गिटारचा इतिहास सांगणारे हिंदी सिनेमाला तळटीप करून टाकतात. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग ही माणसं याच शहरात स्टुडिओत बसून वाजवत होती. त्यांच्या गिटारवरच्या गाण्यांच्या तबकड्या निघत. सुनील गांगुलींच्या कॅसेटी तर आमच्या चाळीतल्या सत्यनारायणाला स्पीकरवर लागायच्या. मोहनवीणा नाव ऐकायच्या कितीतरी आधी आमच्यासारख्यांनी मांडीवरची गिटार ऐकली ती तिथं, केळीच्या खांबांच्या शेजारी.

दुपारचं सत्र वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. मेगाब्लॉक. ठाण्याकडचे अर्धे श्रोते घामाघूम आले आणि एसीखाली येऊन बसले. मधल्या सुट्टीत शिरा-उपमा होता, शिरा चांगला होता.

दुपारी वाजवलं ते पंचाहत्तरीच्या पुढच्या एका गृहस्थांनी, ज्यांचं आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलं. गुबगुबीत, हाफ शर्ट, चष्मा दोरीला. त्यांची इलेक्ट्रिक गिटार जेमतेम हातभर लांब, रंग उडालेली. मी पुढची खुर्ची पकडली होती. त्यांनी एका जुन्या गाण्याचा मुखडा वाजवला आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण आजवर फक्त वाजवणं ऐकत आलो. या माणसाचा निम्मा हात थांबवण्यात गुंतलेला होता. उजवा तळवा तारांवर असा उतरायचा की एक स्वर संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, मधे केसाएवढी फट. गाणारी बाई श्वास घेते तिथं ते तार थांबवायचे. शब्द नव्हते, पण शब्द कुठं तुटतो ते ऐकू येत होतं. आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी! बार कुठंही जावो, ती दोन बोटं मागं अशी पडून, जणू झोपलीत.

गाणी संपल्यावर प्रश्नोत्तरं होती. मी हात वर केला आणि बोटांचंच विचारलं.

ते हसले. "ताई, आमच्या वेळेला सगळी ऑर्केस्ट्रा एका खोलीत, गाणारे पण तिथंच. एक टेक. चौथ्या मिनिटाला माझी तार मागून वाजली, की पन्नास-साठ माणसं पुन्हा पहिल्यापासून. व्हायोलिनवाले असे बघायचे ना..." त्यांनी तसं बघून दाखवलं. "दोनदा झालं माझं. तिसऱ्यांदा बोट आपोआप बसलं."

मला चाळीस वर्षं एकानंही तसं बघितलेलं नाही, हाच घोटाळा.

मधे अर्धा तास विचित्रवीणा होती. तेराव्या शतकातल्या संगीतरत्नाकरात एकतंत्री वीणेवर कम्रिका, म्हणजे बांबूचा तुकडा, फिरवायचं वर्णन आहे, तेव्हा घसरतं वादन आपल्याला नवं नाही, हे सकाळच्या वक्त्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं ते वेगळंच. वादकानं डब्यातून काचेचा अंड्यासारखा बट्टा काढला, एका वाटीत बोट बुडवलं आणि तारांवर तेल लावलं. खोबरेल. पुढच्या दोन रांगांत वास आला. माझ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "वेणी घालायला बसल्यागत वाटतंय." वादन मात्र माझ्या डोक्यावरून गेलं, कबूल करते, आवाज फार हळू होता आणि मला झोप आली.

सहाला शेवटचं सत्र. मुख्य कलाकार चाळिशीतले, मांडीवर एकोणीस तारांची गिटार. मुख्य तारा मोजक्या, बाजूला लयीसाठी छेडायच्या चिकारीच्या तारा, आणि एका अंगाला बारा तरफा, आपोआप गुंजणाऱ्या तारा, ज्या कुणी छेडायच्या नसतात. राग मारवा. म्हणजे पंचम नाही. माझ्यासारखी सा प सा ग प सा मिळवलेली गिटार मारव्याला उपयोगाचीच नाही, उघडी तार चुकून लागली की राग मोडला. त्यांचा तानपुरासुद्धा पंचमाऐवजी धैवताला लावलेला.

वीस-पंचवीस मिनिटं ते नुसते तारा मिळवत होते. लोक चहाला गेले, कुणी फोन काढले. मी हलले नाही, आणि ते बरं झालं. ते मुख्य तारेवर बारनं कोमल रिषभ वाजवायचे, तळव्यानं लगेच ती तार बंद करायचे, आणि कान तरफांकडे न्यायचे. रिषभाची तरफ जुळलेली नसेल तर मुकी राहायची. खुंटी तांदळाएवढी फिरवायची. पुन्हा रिषभ, पुन्हा बंद. मग एका क्षणी मुख्य तार बंद झाल्यावरही रिषभ शिल्लक राहायचा, कुणीही न छेडलेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. मग पुढची तरफ. बारा वेळा हे झालं. म्हणजे दुपारच्या माणसानं जे झटून बंद केलं, ते हा माणूस झटून चालू ठेवत होता. पण त्याची बारमागची बोटं पाहिली तर तशीच, टेकलेली, झोपलेली. हवं ते गुंजणं आणि नको ते वाजणं यांत गल्लत नाही.

आलाप पाऊण तास चालला. मारवा तसा अस्वस्थ राग, षड्जाला टाळत राहतो. रिषभ-धैवतात घुटमळतो आणि आपण खुर्चीची कड धरून बसतो की आता तरी सा येईल. आला तेव्हा त्यांनी बार उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तरफा वाजत राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते, अकरापर्यंत मोजले. मागं कुणीतरी वेफर्सचं पाकीट उघडायचं थांबलं होतं, ते पुन्हा उघडलं.

गत, झाला, टाळ्या, हार, आभाराची भाषणं. भाषणं नेहमीसारखी.

नऊला मी सरांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. गिटारची पेटी माझ्या खांद्याला, त्यांचा हात माझ्या कोपराला, सूनबाई पुढं टॅक्सी थांबवायला. सर खूश होते. मारव्याबद्दल बोलत होते, दुपारच्या गृहस्थांबद्दल बोलत होते, १९७४ मध्ये एका गणेशोत्सवात दोघांनी एकाच रंगमंचावर वाजवल्याचं सांगत होते. माझ्याबद्दल काही नाही. मीच म्हटलं, "सर, सकाळी यंत्रानं घोळ केला ना. गत तुम्हाला ऐकूच आली नसेल."

"नाही आली," सर टॅक्सीत बसत म्हणाले. "पण तू तो हात माझ्या नाकासमोर आणून ठेवला होतास."

मग त्यांनी दाराच्या काचेवर टेकलेला माझा डावा हात धरला, अनामिका शोधली आणि अंगठ्यानं काचेच्या कडेवर दाबली. त्यांचा अंगठा अजून घट्ट आहे. "हे. निषादावरून उतरताना. सहा वेळा उचललंस. मंगळवारी ये, सातला. आणि खुर्ची तशीच तिरपी ठेव, मला बरं दिसतं."

टॅक्सीवाल्यानं मीटर पाडला.

परतीच्या लोकलमध्ये उभंच राहावं लागलं. पेटी दोन पायांत, उजव्या हातात फोन, घरी पोळ्या करून ठेवल्यात का ते विचारत होते. डाव्या हातानं वरची कडी धरली होती. घाटकोपर गेल्यावर वर लक्ष गेलं. तीन बोटं कडीवर, अनामिका अधांतरी. खाली टेकवली. मुंब्र्यापर्यंत राहिली.